अकरा महिने

सत्तावीस वर्षं मी प्रेसमध्ये कागद तपासले.
नाशिकरोडच्या त्या उंच भिंतीआड,
तावामागून ताव,
कुठे शाई फुटली, कुठे रेघ केसभर सरकली,
डोळ्याच्या आधी अंगठ्याला कळायचं.
सुटताना दारावर झडती,
रिकामे हात दाखवून घरी.
इतका पैसा हातांवरून गेला
की पाण्यातल्या दगडाला विचारू नये, तहान लागली का.

रिटायर झाले, फंड आला.
भाचा म्हणाला, एफडी. जाऊबाई म्हणाल्या, सोनं.
मी दोंदे एजंटच्या स्कूटरवर मागे बसून
पाथर्डी फाट्याला गेले.
रो-हाऊस. खाली दीड खोली, वर एक,
पुढे मोटरसायकल मावेल एवढं अंगण.
दोंदे म्हणाला, "कुंभ येतोय मावशी, भाव बघा कुठे जातो."
म्हटलं, जाऊ दे त्याला जायचं तिथे,
पाच तारखेला काय येतं ते सांग.

वहीत लिहिलं: भाडं साडेअकरा.
उणे घरपट्टी. उणे मोटर, ती दर उन्हाळ्यात जळते.
उणे एक महिना रिकामं.
हे शेवटचं मला कुणी शिकवलं नाही.
क्वार्टरमध्ये होतो तेव्हा गहूसुद्धा असाच भरायचे,
बारा महिन्यांचा भरायचा
आणि अकराच पुरेल असं धरून चालायचं.

तीन वर्षांनी दुसरं घेतलं, चार दारं सोडून.
पहिल्याच्या भाड्यात दुसऱ्याचा पतसंस्थेचा हप्ता.
करार आता ऑनलाइन होतात.
मुलगा मशीन घेऊन घरी आला,
मशीनने माझा अंगठा तीनदा नाकारला.
"रेषा झिजल्यात आजी," म्हणाला.
म्हटलं, कुठे झिजल्या ते विचारू नकोस, दुसरं बोट घे.

लोकांना वाटतं मी त्यातल्याच एका घरात राहते.
मी राहते जेलरोडला, एका खोलीत, भाड्याने.
मला साडेचार हजारांत भागतं,
घराला साडेअकरा मिळतात.
मधले सात म्हणजे माझं दूध, माझ्या गोळ्या,
आणि भाच्याला फोन न करणं.
पाच तारखेला चव्हाणके पाठवतात, अंबडला व्हॉल्व्हच्या कंपनीत आहेत.
सहाला लिजी सिस्टर.
सातला मी माझ्या मालकाला.
त्यातले काही पैसे माझ्याकडे
दोन रात्री मुक्काम करून जातात, एवढंच.

परवा चव्हाणकेंच्या बायकोने दारातच विचारलं,
"ताई, एक खिळा ठोकू? आमचे वडील गेले ना..."
फोटो हातात नव्हता,
पण हात तसेच धरलेले, छातीपाशी, चौकोनी.
करारातलं सातवं कलम:
भिंतीस खिळे मारणार नाही.
मीच सांगून घालून घेतलेलं.
मी हॉलची भिंत पाहिली, सवयीने, दोष शोधत.
भिंत स्वच्छ होती. माझ्या नोकरीत
अशा कागदाला आम्ही पास म्हणायचो
आणि पुढचा घ्यायचो.

म्हटलं, खिळा नको, ड्रिल करा. पापुद्रा उडतो.
आधी बोटाने वाजवून बघा,
आवाज बदलतो तिथे विटांचा सांधा असतो, तो सोडा.
ती म्हणाली, डिपॉझिटमधून कापाल का?
म्हटलं, वही बघून सांगते.

वहीत त्याला रकाना नाही.

जेलरोडच्या माझ्या भिंतीवर नऊ वर्षं काही नाही.
ह्यांचा फोटो कपाटात, टॉवेलात गुंडाळलेला.
मालक येतो, आधी भिंतीकडे बघतो, मग माझ्याकडे,
"मावशी, तुमच्यासारखा भाडेकरू नाही."
या ऑगस्टात माझेही अकरा महिने भरतात.

रात्री उठून मी बोटाने भिंत वाजवत गेले,
दारापासून खिडकीपर्यंत, हळू, शेजारी झोपलेले.
एका जागी आवाज भरीव लागला.
तिथे पेन्सिलीने बारीक टिंब केलं,
दोष सापडला की प्रेसमध्ये करायचो,
तेवढंच.